चुलीचं कलम

सहीला काका काडीची किंमत देत नसत. "सही काय, कोणीही करतो," असं म्हणायचे. कुणाच्या साखरपुड्याला गेले की जेवून झाल्यावर नवऱ्या मुलाच्या बापाला हळूच बाजूला घ्यायचे आणि सांगायचे, "अभिनंदन आत्ता करत नाही. अजून नुसती सही झालेली आहे." त्या बिचाऱ्याला वाटे, मुलीकडच्यांचं ह्यांना काहीतरी कळलंय. एका साखरपुड्यात तर या न केलेल्या अभिनंदनावरून दोन्हीकडचे लोक रात्रभर एकमेकांच्या घराण्यांची चौकशी करत बसले होते.

ते आयकर सल्लागार होते. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'देशी व आंतरराष्ट्रीय' असंही होतं. देशी म्हणजे भाताच्या गिरण्यांचे मालक, कापड दुकानदार आणि एक दातांचे डॉक्टर. आंतरराष्ट्रीय म्हणजे पनवेल-उरणकडची आखातात गेलेली मंडळी. सगळे त्यांना तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'करारकाका' म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, ते त्यांना आवडतही होतं.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू होतो आणि गावातल्या वाचनालयात नोकरीला होतो. त्यामुळे घरी ते माझे मालक असत आणि वाचनालयात मी त्यांचा ताबेदार. ते जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. पनवेलमध्ये त्यांची आठवण काढणारं फारसं कुणी उरलेलं नाही, आणि जे काढतात ते हसण्यासाठी काढतात. मीही हसतोच. पण संध्याकाळी वाचनालयाची खिडकी लावताना अजून वाटतं, आता कोणीतरी दारातून विचारील, "दिल्लीचं आलं का?"

दिल्लीचं म्हणजे राजपत्र. त्यांच्या हट्टापायी आमच्या वाचनालयाने सरकारी राजपत्र सुरू केलं होतं. पैसे पुरेनात, म्हणून समितीने एक मासिक बंद केलं. ते बायकांचं मासिक होतं आणि ते सगळ्यांत आधी घरी नेणाऱ्या वाचक म्हणजे त्यांच्याच पत्नी, काकू. काकूंना मी ही बातमी जिन्यात दिली. त्या म्हणाल्या, "असू दे. हे वाचतात त्यातलं पाककृतींचं पान तेवढं मला द्या." हसल्या नाहीत. मी मात्र वर जाऊन बराच वेळ हसलो.

काकांचं वेड काय होतं ते एकदा सांगून टाकतो. माणूस एका देशात कमावतो आणि दुसऱ्या देशात राहतो. दोन्ही देश त्याच कमाईवर कर मागतात. असं होऊ नये म्हणून देश आपापसांत करार करतात. मंत्री सह्या करतात, हात मिळवतात, फोटो निघतो. पण तेवढ्याने करार लागू होत नाही. दोन्ही सरकारांनी तो आपापल्या घरी मंजूर करायचा, तसं एकमेकांना कळवायचं, आणि मग तो राजपत्रात छापून यायचा. या मंजुरीला काका 'अनुसमर्थन' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना डोळे मिटत. जगाचे दोन भाग आहेत, एक सही झालेल्या गोष्टींचा आणि एक लागू झालेल्या गोष्टींचा, आणि बहुतेक लोक पहिल्या भागात राहून दुसऱ्यात असल्यासारखे वागतात, असं त्यांचं मत होतं. काकू म्हणाल्या, "आजपासून तुमच्या चहात साखर कमी," तर हे पेपरातून मान वर न करता विचारत, "लागू कधीपासून?"

"आजपासून म्हटलं ना."

"म्हणजे हा कप जुन्या दराने की नव्या?"

काकू कप उचलून आत नेत. मग त्या सकाळी चहाच लागू होत नसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सरकारचा अमिरातीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी दुबईच्या, सरकारशी असा करार झाला तेव्हा काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी घरी पेढे आणले, आणि कुणाला दिले नाहीत. अनुसमर्थन झाल्यावर वाटू, म्हणाले. ते डब्यातच बुरसले. त्यांचे एक अशील हसनभाई. बरीच वर्षं दुबईत काढून आता पनवेलला घड्याळांचं आणि अत्तरांचं दुकान चालवत. त्यांची मुलं अजून तिकडेच होती. ते एका दुपारी आले. मी विजेचं बिल द्यायला खाली गेलो होतो, म्हणून तो संवाद माझ्या कानांनी ऐकला.

"साहेब, दुबईचं झालं म्हणे?"

"सही झाली."

"मुबारक हो!"

"मुबारक कसलं? अनुसमर्थन बाकी आहे. तोवर गाफील राहू नका. करार लागू होईपर्यंत जुनाच कायदा."

हसनभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साहेब, एक सांगा. माझी पोरं तिकडे टॅक्स भरत नाहीत, कारण तिकडे टॅक्सच नाही. इकडे भरत नाहीत, कारण ती इकडे राहत नाहीत. मग हा दोनदा टॅक्स लागायचा तो कुणाला?"

काका त्यांच्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "हसनभाई, तुम्ही फायदा बघता. मी तत्त्व बघतो."

"बराबर. मग फीसुद्धा या वर्षी तत्त्वानेच घ्या की, साहेब."

ते दोघंही हसले, पण काकांनी फी नेहमीसारखीच घेतली.

आता घराविषयी. आमचं घर कोपऱ्यावर होतं. पुढचं दार बाजाराच्या आळीत उघडायचं आणि मागचं तळ्याच्या आळीत. दोन्ही आळ्यांचे गणपती वेगळे, मंडळं वेगळी, मांडवही वेगळे. श्रावण संपत आला की पुढच्या दाराने बाजाराच्या आळीचे कार्यकर्ते वर्गणीला येत आणि मागच्या दाराने तळ्याच्या आळीचे. कोपऱ्यावरची घरं दोन्हीकडे वर्गणी देत आणि दोन्हीकडचा प्रसाद खात. मीही दोन्हीकडे देत असे. काकाही वर्षानुवर्षं देत आले होते. पण दुबईच्या सहीनंतरच्या त्या पहिल्याच श्रावणात, पुढच्या दाराने आलेल्यांची पावती हातात असताना मागची कडी वाजली, आणि काकांना साक्षात्कार झाला.

"एक घर, एक उत्पन्न, आणि दोन आकारण्या," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अरे, ही दुहेरी करआकारणी आहे! माझ्या घरात! आणि मी दुबई दुबई करत बसलोय."

"अहो, दोन्हीकडे द्या आणि मोकळे व्हा," काकू आतून म्हणाल्या. "दोन्हीकडचे देव आपलेच."

"प्रश्न देवाचा नाही, रहिवासाचा आहे."

त्यांनी दोन्ही मंडळांमध्ये करार घडवून आणायचं ठरवलं आणि खरोखर आणला. तळ्याच्या आळीचा चिटणीस दिगंबर, एस.टी. डेपोत कारकून. बाजाराच्या आळीचे अध्यक्ष भांडीवाले शेठ. दोघांना दिवाणखान्यात समोरासमोर बसवून काकांनी टंकलिखित मसुदा वाचून दाखवला. पहिल्या कलमात 'आळी' म्हणजे काय, दुसऱ्यात 'घर' म्हणजे काय, तिसऱ्यात 'दार' म्हणजे काय, आणि खिडकीला दार समजू नये, हेही होतं. शेठ मधेच म्हणाले, "काका, हे वर्गणीचं आहे की घर विकताय?"

मुख्य कलम चुलीचं होतं. मोठ्या देशांच्या करारांत म्हणे असा नियम असतो, की माणसाची घरं दोन्ही देशांत असली, तर त्याच्या जिव्हाळ्याचं केंद्र ज्या देशात, त्या देशाचा तो रहिवासी. काकांनी त्याचं पनवेलमध्ये भाषांतर केलं: दोन दारांचं घर, ज्या आळीच्या बाजूला त्याची चूल पेटते, त्या आळीचं. वर्गणी त्याच आळीला, आणि आरतीचा मानही तिथलाच.

"फार विचार करून काढलंय," ते म्हणाले. "माणूस कुठेही झोपेल. पण जेवतो कुठे, तिथे तो राहतो."

आमचा ओटा तळ्याच्या बाजूला होता, म्हणून दिगंबर खूश. बाजाराच्या आळीला त्याच नियमाने कोपऱ्यावरची दुसरी घरं मिळत होती, म्हणून शेठ खूश. काकूंनी बटाटेवडे केले होते, त्यामुळे दोघांनी वाद न घालता सह्या केल्या. माझा असा अंदाज आहे, की वडे नसते तर दोघंही तिसऱ्या कलमाला उठून गेले असते.

दिगंबरने लगेच पावतीपुस्तक काढलं. काकांनी त्याचा हात धरला.

"अनुसमर्थन?"

"ते काय असतं, काका?"

काकांनी समजावलं. दोन्ही मंडळांनी आपापल्या सर्वसाधारण सभेत करार मंजूर करायचा, मंजुरीची पत्रं एकमेकांना द्यायची, आणि चौकातल्या फळ्यावर तसं लिहायचं. त्याशिवाय करार लागू नाही. दोन्ही मंडळांची सर्वसाधारण सभा आजवर फक्त लाउडस्पीकर कुणाचा मोठा यावर भांडायला भरली होती. दिगंबर "बघतो" म्हणून गेला, आणि त्या वर्षी सभा काही झाली नाही.

हसनभाईंना काकांनी जे सांगितलं ते मी वर लिहिलं आहे. नवा करार लागू होईपर्यंत जुना कायदा. आपल्या घरापुरता मात्र त्यांनी उलट निवाडा दिला. करार झाल्यामुळे जुनी पद्धत संपली, आणि अनुसमर्थन न झाल्यामुळे नवी सुरू झाली नाही. तेव्हा वर्गणी कुणालाच नाही. मी भीत भीत हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "तू दोन्हीकडे वर्गणी देतोस. तुझ्याशी या विषयावर बोलणं म्हणजे खाटकाशी अहिंसेवर बोलणं."

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पण तळ्याच्या आळीत गणपतीत रोज सकाळी बायका मांडवात बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं करत, आणि सुरुवात काकू करत. त्यांना मूलबाळ नव्हतं, कुठे फारसं जाणं-येणं नव्हतं. वर्षभर हळू बोलणारी ही बाई त्या दिवसांत मांडवात बसून पहिला शब्द उच्चारी, आणि चाळीस-पन्नास बायका तिच्या मागोमाग येत. जरीकाठी साडी त्या आदल्या रात्री उशाशी काढून ठेवत. पहिल्या दिवशी काका त्यांना दारात आडवे आले.

"तू तिथे बसलीस, की आपण तिथले रहिवासी असल्याचं आपण मान्य केलं असा अर्थ होतो."

"मी देवापुढे बसणार आहे."

"देव कुठल्या हद्दीत आहे ते बघ आधी. अनुसमर्थन होऊ दे, मग खुशाल जा."

काकू गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत हे मला तेव्हाही कळलं नाही. त्या काळात बायका अशा गोष्टींवरून दारात भांडत नसत, एवढंच सांगता येईल. मी जिना उतरत होतो तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या, साडी बदललेली नव्हती. खिडकीतून मांडव दिसत होता. सुरुवात दिगंबरच्या बायकोने केली होती आणि ती फार घाईत होती. मध्यावर बायका चुकल्या, आवाज फाटत गेले, आणि सगळा मांडव गप्प झाला. काकू खिडकीकडे पाठ करून नारळ खवत होत्या. त्यांनी खवणं न थांबवता पुढची ओळ म्हटली, पण ती आमच्या स्वयंपाकघरापुरतीच. बाहेर कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्या दहा दिवसांत एकही आळी आमच्या दाराशी फिरकली नाही. प्रसाद आला नाही, आरतीला हाक आली नाही. बाजाराची आळी समजे, हे तळ्याचे. तळ्याची समजे, ह्यांनी वर्गणी दिली नाही. काका रोज संध्याकाळी फळा बघून येत.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच काकू माहेरी आपट्याला गेल्या. भावाचं घर, पाताळगंगेच्या काठाला. गणपती झाले, पितृपक्ष गेला, दसरा आला, काकू आल्या नाहीत. त्यांचं पोस्टकार्ड आलं, त्यात भावाच्या बायकोचा पाय मोडल्याचं होतं. मोडलेला पाय बरा व्हायला लागतो त्याहून कितीतरी अधिक काळ गेला. काका खानावळीतून डबा आणवू लागले. एकदा मी विचारलं, "काकूंना आणायला जायचं का?" ते म्हणाले, "ती गेली, हे घडलंय. ती सोडून गेली, हे अजून कुणी म्हटलेलं नाही. न म्हटलेलं लागू होत नाही."

याच दिवसांत दुबईचा करार राजपत्रात छापून आला. माझ्याच हातून तो अंक त्यांना मिळाला. वाचनालयाच्या बाकावर बसून त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग छातीशी धरून घरी निघाले. मी मागोमाग पोचलो तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अंक अजून हातात होता. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून करार लागू झाल्याचं त्यांनी मलाच सांगितलं, जणू तो अंक मी त्यांना दिलाच नव्हता.

आपल्या आळ्यांचं अनुसमर्थन घडवलं ते बायकांनी. दिगंबरच्या बायकोने नवऱ्याला सांगितलं, की पुन्हा मला सुरुवात करायला लावलंत तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, काय ते तुमचं कागदपत्र उरका आणि काकूंना आणा. देवळाच्या सभामंडपात दोन्ही मंडळं एकत्र बसली. करार कुणीही वाचला नाही. हात वर झाले, खाली आले. शेठ आणि दिगंबर यांनी पत्रांची अदलाबदल केली आणि फळ्यावर खडूने लिहिलं गेलं. काका कोपऱ्यात टोपी सारखी करत उभे होते. आयुष्यात दोन करार लागू झालेले पाहण्याचं भाग्य त्यांना एकाच वर्षी लाभलं.

"आता पावती फाडा," ते दिगंबरला म्हणाले. "मी तुमचा."

दिगंबरने पावतीपुस्तक उघडलं आणि थांबला. तो मुळात खोडकर माणूस. त्याला काकांची एकदा जिरवायची होती, असं तो पुढे मला म्हणाला.

"काका, कलमानुसार विचारतो हां. चूल सध्या कुठे पेटते?"

मंडपात हशा उसळला. "डबा तर खानावळीचा येतो," कुणीतरी म्हणालं. "मग काका खानावळीचे रहिवासी!" "नाय नाय, काकू आपट्याला, चूल आपट्याला!"

सगळे हसत होते, आणि दिगंबर पावती लिहूही लागला होता. काकांनी त्याचा हात धरला. ते हसत नव्हते.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "लिहू नकोस."

"अहो काका, गंमत केली."

"करारात गंमत नसते. मी तुमचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही एस.टी.ने आपट्याला गेलो. काकू ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. भावाची बायको दोन्ही पायांनी ठणठणीत चालत आली आणि आम्हाला पाणी देऊन आत गेली.

"अनुसमर्थन झालं," काका उभ्या उभ्या म्हणाले. "फळ्यावर लागलंय. आता तुला बसायला हरकत नाही. चल."

"कोणाचा करार?"

"दोन्ही आळ्यांचा. आपल्या घराविषयी."

"त्यात माझी सही कुठे आहे?"

"तू पक्षकार नव्हतीस."

"मग मला कसा लागू होईल?" काकूंनी सोललेले वाल परातीत लोटले. "चूल म्हणजे कोण, हे त्या कलमात लिहिलं होतं का?"

काका ओटीच्या कडेला टेकले. मग काकू म्हणाल्या, "जेवून जा. बिरडं करतेय." मी जेवून आलो. काका राहिले. आधी ते दोन दिवस म्हणाले, मग कपडे मागवले, मग पाटी काढायला सांगितली. पुढे पनवेलचं घर बिल्डरला गेलं. अशील एकेक करून दुसरीकडे गेले. हसनभाई तेवढे कधीकधी अत्तराची बाटली घेऊन आपट्याला जाऊन येत, म्हणत, "साहेब आता परदेशात असतात."

पुढच्या उत्सवाच्या आधी मी भेटायला गेलो होतो. काका ओटीवरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. आतून बायकांचे आवाज येत होते. काकू गावातल्या पाच-सहा बायकांना अथर्वशीर्ष शिकवत होत्या, चुकलं की थांबवत होत्या, पुन्हा म्हणायला लावत होत्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पनवेलच्या घरात कधी ऐकला नव्हता. इतक्यात गावातली दोन माणसं पावतीपुस्तक घेऊन अंगणात आली.

"आत्या हाय का घरात? देवळाच्या उत्सवाची वर्गणी हाय."

काकांचा पेपर खाली आला. डोळ्यांत जुनी चमक आली. "थांबा," ते म्हणाले, "आधी एक स्पष्ट करू. आम्ही मूळचे पनवेलचे. इथला आमचा रहिवास कोणत्या स्वरूपाचा धरायचा, हा जरा..."

काकू हात पुसत बाहेर आल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी पैसे दिले. "पावती माझ्या नावाने कर," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचं नाव सांगितलं. माहेरचं.

त्या माणसाने लिहिलं. मग पेन तसंच धरून खुर्चीकडे मान वळवली. "आणि यांची?"

काकूंनी काकांकडे पाहिलंही नाही. रागही नव्हता त्यात. वाल निवडताना खडा बाजूला काढावा तितकं सहज बोलल्या.

"त्यांची नको. ते माझ्याकडे असतात."

काकांनी पेपर पुन्हा वर घेतला आणि त्यामागून म्हणाले, "बरोबर आहे."

आत बायका खोळंबल्या होत्या. काकू गेल्या आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.